वीराचा जोडीदार

उसाच्या टोळीत माझ्या नवऱ्यासारखा हात कुणाचा चालत न्हाई, म्हणून भाच्यानं, बन्सीधरनं, माझंच लाल लुगडं खांद्याला बांधून त्याला वीर केलं. बन्सीधर लग्नाची शूटिंग करतो. व्हिडिओवर उडणारे वीर बघून त्यालाबी तसला पिच्चर काढायचा होता. वीराचा थकलेला जोडीदार न्याव मागायला दारात येतो, अशी गोष्ट. जोडीदार होणारा माझा दीर ताडकळसच्या बाजाराला गेला तो आलाच न्हाई. मी आरशानं वीराच्या तोंडावर ऊन पाडायला उभी. “मी होते जोडीदार,” म्हणलं. नवरा हसला. “जोडीदार गडी असतो. तू आरसा धर.” माझं टाळकंच सटकलं. आरसा भिंतीला टेकवला, मोळीखाली डोक्यावर ठेवायची माझी चुंबळ घरातनं आणली आन् त्याच्या पायापाशी आदळली. जलमात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते घेतलं. “सूर्यभान! ऊस तू तोडलास. मोळ्या मी बांधल्या, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढवल्या. सातव्या महिन्यातबी चढवल्या. मुकादम हिशेबात नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतो, आन् म्हणतो काय, तर सूर्यभानचा कोयता! माझी मान कामातनं गेली तर माझ्या जागी पोरगी जुंपलीस. मला न्याव पायजे. औंदा पोरगी फडावर येणार न्हाई.” बन्सीधर कॅमेरा न हलवता हळूच म्हणला, “मामा, आता वीर बोलतो.” मी आरसा उचलून वीराच्या हातात दिला. “धर, सूर्यभान. उजेड माझ्यावर पाड.”