सेना

संस्थान विलीन झालं. फौजेतल्या कुणाला सेनेत ठेवायचं, कुणाला घरी धाडायचं, ते आज ठरणार होतं. तुकोजीराव सकाळीच मुरारच्या छावणीत गेले होते. मंदाताईंचा जीव टांगणीला लागला होता, तोच परसातून शेजारीण नसीमबी ओरडली, “भाभी, सेना छोड़ दिया!”

मंदाताईंच्या हातून परात निसटली. “किसने?”

“मुर्गी ने! अंडे ठंडे पड़ गए.”

हिंदीत अंडी उबवण्यालाही सेनाच म्हणतात, हे आठवून मंदाताई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

दिवेलागणीला तुकोजीराव आले. पाण्याचा तांब्या देता देता मंदाताईंनी गंमत सांगितली, “अहो, नसीमबी काय ओरडली माहितीये? सेना छोड़ दिया!”

तांब्या तोंडाशी नेता नेता तुकोजीराव थबकले.

“तिला कुणी सांगितलं?”