बाटलीचा कप्पा

निवृत्त ड्राफ्ट्समन नवी सॅक घ्यायला दुकानात शिरले. सकाळपासून कुणाशी बोलणंच झालं नव्हतं, त्यामुळे पहिला शब्द काढायच्या आधी त्यांना घसा खाकरावा लागला. बायको गेल्यापासून रविवारी डोंगरावरही ते एकटेच जात, आणि जुन्या सॅकचा पट्टा आता पार उसवला होता.

विक्रेतीने एक दणकट सॅक त्यांच्या पाठीवर चढवली. "ही घ्या काका. बसमध्ये न्या, प्रवासाला न्या, डोंगर चढा, वर्षानुवर्षं बघायला नको. आणि बाटलीचा कप्पा पुढे कललेला आहे. चालता चालता आपली आपण काढायची, मागच्याला सांगायला नको."

काकांनी हात मागे नेला. दाखवायला ठेवलेली बाटली अलगद हातात आली. त्यांनी ती परत कप्प्यात ठेवली आणि सॅक उतरवली.

"बाटलीपर्यंत हात पोचत नाही, अशी आहे का एखादी?"

"आहेत की. पण काका, मग दर वेळी वाटेतल्या कुणाला तरी 'जरा बाटली काढून देता का' म्हणत बसावं लागेल."

 

"हो. तेवढंच बोलणं होईल."