बिबट्याचं फुटेज

बिबट्या अंगणवाडीच्या ओट्यावरून चालत गेला, तेव्हा आत अकरा पोरं होती. "फुटेज आणा, मग पिंजरा लावू," वनखात्याचा माणूस म्हणाला. समोरच्या ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्यात बिबट्या नक्की आला असणार, म्हणून सेविका अक्षदा दुसऱ्या दिवसापासून रोज तिथं खेटे घालू लागली. रोज एकच उत्तर, "ऑपरेटर ओझरला गेलाय, ताई. उद्या या."

आठव्या दिवशी ऑपरेटर भेटला. "मशिनमधी सातच दिवसांचं राहतं, ताई. जुनं आपोआप पुसलं जातं. लई उशीर केला तुमी."

अक्षदाचं डोकं सणकलं. "उशीर मी केला? मग आता काय हाय त्यात? दाखव!"

त्यानं स्क्रीन तिच्याकडे फिरवली.


सातही दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये अक्षदाच होती, रोज पंचायतीच्या दारात येऊन हात हलवत परत जाणारी.