पांढऱ्या ठिपक्याची गोचीड

कुशावतीनं मानेवरची गोचीड उपटून नखानं चिरडली, आणि मग तिला गोचिडीच्या पाठीवरचा पांढरा ठिपका दिसला. मेलं! ही तर सकाळीच मानेवर सोडलेली लसवाली गोचीड, अजून धड चावलीही नव्हती! साधी चावली तर माकडताप यायचा, ही चावली की जन्मात यायचा नाही. कुशावतीचा नवरा त्या तापानं गेला तेव्हा कुठं होत्या अशा गोचिडी? पण चाळीस वर्षांची सवय, हात थांबतोय कुठं! सरकारी दवाखान्यातून माणशी एकच मिळायची, आणि ही चावल्याशिवाय काजूच्या बागेत कामाला घेतच नव्हते.

"मावशे, बघून तरी मारूची!" शेजारची रेश्मा ओरडली.

"हात गेलो गो आपोआप," कुशावती रडकुंडीला आली.

रेश्मा पळत घरी गेली आणि शेजारी विरजण न्यावं तशी काडेपेटी घेऊन आली. आत तिच्या नवऱ्याच्या वाट्याची ठिपकेवाली गोचीड वळवळत होती.

"घे. आमच्या घोवाच्या नावची. तो खंय कामाक जाता? झोपता नुसतो!"

कुशावतीनं रेश्माच्या गालावरून हात फिरवला, गोचीड डाव्या मनगटावर ठेवली आणि उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून त्यावर बसली.

"पी गो बाये," ती म्हणाली, "पोटभर पी."