भानुदास गुरवांचं विसावं मत

मतदानाच्या दिवशी भानुदास गुरव दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात बसले होते.

"इंदू, केंद्रावर सोड गं."

"अण्णा, तालुक्यात एकच केंद्र उरलंय, तेही बावीस किलोमीटरवर. घरी बसणाऱ्यांचं मत यंत्र देतंच की. तुमची एकोणीस मतं पाठ आहेत त्याला."

"यंदा माझा विचार बदललाय. त्याला काय कळणार?"

"पुढच्या वेळी नेईन," म्हणून त्यांची लेक इंदुमती कामावर गेली. अण्णा त्याच आठवड्यात गेले.

तीन महिन्यांनी पोटनिवडणूक झाली आणि तिच्या फोनवर पावती आली: भानुदास गुरव यांचे मत नोंदवले आहे. मृत्यूचा दाखला घेऊन ती निवडणूक कचेरीत गेली.

"ताई, माणूस जातो, विचार राहतात," कारकून हसत म्हणाला. "नावं वगळत बसलो तर शंभर टक्के मतदान कसं दाखवायचं? आणि मत त्यांच्या नेहमीच्याच पक्षाला गेलंय. तक्रार कसली?"

इंदुमतीनं दाखला त्याच्यासमोर ठेवला. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "त्यांचा विचार बदलला होता. मला माहीत होतं, तरी मी त्यांना घरी बसवलं. घ्या लिहून."