खिडकीखालचं घर

"दार भिंतीकडे ठेवलं तर आत काही दिसणार नाही, आई," जावई म्हणाला.

"नको दिसायला. तो लाजाळू आहे," सासूबाई म्हणाल्या.

जावयाने मान डोलावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली विटांवर फळी टाकली. तो गाडी चालवायला शिकवायचा. ब्रेक कधी दाबायचा हे लोकांना सांगता सांगता त्याला जगातलं सगळंच सांगायची सवय लागली होती.

गेल्या महिन्यात गल्लीत चोरी झाली, आणि एकट्या राहणाऱ्या आईच्या काळजीने त्याच्या बायकोची झोप उडाली. शेवटी त्याने सासूबाईंना स्पष्टच सांगितलं, "एक तर आमच्याकडे राहायला या, नाहीतर कुत्रा पाळा."

सासूबाईंनी घरभर एक चक्कर मारली. त्यांची शिलाई मशीन, त्यांची आरामखुर्ची, दाराशी त्यांनी लावलेला लिंबू. मग म्हणाल्या, "कुत्रा. पण त्याचं घर बाहेर, आणि ते तुम्ही बांधायचं."

जावई खूश झाला.

"तळ जमिनीपासून उचललेला हवा, म्हणजे ओल येत नाही," खिळे ठोकता ठोकता तो सांगत होता. "आणि फार ऐसपैस नको. अंगाच्या उबेने आतली जागा तापली पाहिजे. कुत्रा केवढा आहे?"

"मोठा. बाहेरून बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे."

"मी आतलं विचारतोय."

"आतलं तुम्ही बघा. तुम्हाला कळतं."

कळतच होतं. त्याने उतरतं छप्पर केलं, वर पत्रा ठोकला, साफसफाईसाठी छपराला बिजागऱ्या लावल्या. फळ्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. सासूबाईंनी जाड पडदा शिवून दिला. जुनी गोधडी मात्र त्यालाच मागून घ्यावी लागली.

"नाव काय ठेवणार?" निघताना त्याने विचारलं.

"आधी येऊ तर द्या."

दोन दिवसांनी कुत्रा आल्याचा निरोप आला. जावयाने फोन केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांबा हं, फाटकाशी कोणीतरी आहे." मग फोनमधून असं खणखणीत भुंकणं ऐकू आलं की त्याने फोन कानापासून लांब धरला. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"तुम्ही नका धावू त्याच्यामागे," तो म्हणाला. "या वयात झेपायचं नाही."

"सवय होईल," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात गल्लीत पुन्हा चोर शिरले. दोन घरांची कुलपं तुटली. सासूबाईंच्या फाटकाला त्यांनी हात लावला आणि भुंकणं ऐकून पाय लावून पळाले. समोरच्या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. जावयाची बायको त्या दिवसापासून शांत झोपू लागली, आणि जावयाच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला क्लच सोडता सोडता कुत्र्याचं घर कसं बांधावं हेही कळू लागलं.

"घर आवडलं की कुत्रा जीव ओवाळून टाकतो," तो सांगायचा. "सगळा खेळ घराचा आहे."

त्याने मात्र कुत्रा अजून पाहिला नव्हता. दोनदा जायचं ठरलं, तर एकदा सासूबाई म्हणाल्या त्याला इंजेक्शनला न्यायचंय, आणि एकदा म्हणाल्या कुत्र्याचं पोट बिघडलंय. तेव्हा एका दुपारी शिकवणी रद्द झाली तशी जावयाने छानसा चामडी पट्टा विकत घेतला आणि न कळवता गाडी तिकडे वळवली.

फाटकाची कडी वाजली मात्र, भुंकणं सुरू झालं. पत्रे थरथरावेत असा आवाज. जावयाला भरून आलं. असा कुत्रा, आणि राहतो कुठे, तर आपण बांधलेल्या घरात.

"अरे, मी आहे, मी," तो लाडाने म्हणाला आणि पट्टा पुढे धरून बेताबेताने घराला वळसा घालून गेला. भुंकणं आणखी चढलं. तो भिंतीशी उकिडवा बसला. पडदा बाजूला केला.

आत गोधडीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

भुंकणं चालूच होतं, आणि ते वरून येत होतं. त्याने मान वर केली. खिडकीच्या गजांमागे, तोंडापुढे पिठाचा रिकामा डबा धरून, डोळे गच्च मिटून, सासूबाई जीव तोडून भुंकत होत्या.