थैल्यांपाशी

एकटीनं जाण्यात वैजयंतीबाईंचा फायदा एकच होता: थैल्यांपाशी बसवणारं कोणी सोबत नसणार. अजिंठा आणि वेरूळ त्यांनी घरच्यांबरोबर असेच 'पाहिले' होते, बाहेर, सामानावर हात ठेवून. म्हणून या खेपेला गावी, शेलूबाजारात, कोणाचंच न ऐकता त्या वाशीमहून रेल्वेत बसल्या आणि एका पिशवीनिशी आग्र्याला उतरल्या.

ताजमहालाच्या खिडकीवर त्या म्हणाल्या, "एकच तिकीट द्या मले." तोच मागून आवाज आला, "मावशी, तुमी तं आमच्याच इकडच्या!" कामरगावचं नऊ माणसांचं कुटुंब होतं. परमुलखात आपली बोली ऐकून बाईंना भरून आलं. पिशवीतल्या दशम्या त्यांनी सगळ्यांना वाटल्या.

खाऊन झाल्यावर त्या कुटुंबातली सून म्हणाली, "थैल्या आत नेऊ देऊन नाई राह्यले. मावशी, एकट्याच ना तुमी? बसा जरा, आमी आलोच पाहून."

बाई चारदा चिडून उठल्या, चारदा थैल्यांकडे पाहून बसल्या. मंडळी परतली तेव्हा फाटक बंद होत होतं, आणि बाईंना गाडी गाठायची होती.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कसा हाये मंग ताजमहाल?"

"चांगलाच असन," त्या म्हणाल्या. "आत गेलेलं माणूस लवकर बाहीर येत नाई."